सहा आवाज, दहा वाटा

ती सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उठत असे आणि पावणेसात वाजेपर्यंत घरात यंत्राचा कोणताही आवाज होऊ देत नसे. मिक्सर, पाण्याची मोटर, नवऱ्याचे दाढीचे मशीन, रेडिओ या सगळ्यांना पावणेसातनंतरची वेळ दिलेली होती. पातेल्यावर झाकण ठेवताना ती मध्ये बोट धरी. दात घासताना नळ धाग्याएवढा सोडी. नवरा शाळेत भूगोल शिकवत असे. दिवसभर वर्गात ओरडून घसा बसलेला तो माणूस या पस्तीस मिनिटांबद्दल मनातून कृतज्ञ होता. शेजाऱ्यांना मात्र तो सांगे, की आमच्याकडे पावणेसातपर्यंत मौनव्रत असते आणि त्यानंतर मला ऐकून घेण्याची परवानगी मिळते.

कारण कामाचे होते. कानाच्या दवाखान्यात ती लोकांची श्रवणशक्ती तपासत असे. तळमजल्यावर कपाटापेक्षा थोडी मोठी अशी एक बंद खोली होती, वीतभर जाडीच्या दाराची, आतून राखाडी स्पंज लावलेली. पहिला रुग्ण येण्याआधी ती स्वतः त्या खोलीत बसे, हेडफोन चढवी आणि आधी डाव्या, मग उजव्या कानात आठ-आठ सूर वाजवून पाही. स्वतःचा कान हाच तिचा रोजचा कसोटीचा दगड होता. मग साडेआठला लोक येऊ लागत. प्रत्येकाच्या हातात बटण देऊन ती तेच वाक्य म्हणे: आवाज आला की दाबा, अगदी बारीक असला, आला की भास झाला अशी शंका असली, तरीही दाबा. लोक शंका असताना दाबत नाहीत, हे तिला अकरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होते. चुकू अशी त्यांना भीती वाटते.

त्या मंगळवारी दहा वाजून वीस मिनिटांनी आत येऊन बसलेली व्यक्ती रुग्ण नव्हती. ती तिची आत्या होती. आत्याने जाड दार स्वतःच ओढून घेतले.

"इथलं बाहेर ऐकू जात नाही ना?"

"नाही."

"बरं," असे म्हणून आत्याने पिशवीतून सर्जनचा कागद काढून तिच्यापुढे धरला.

गळ्यातल्या ग्रंथीवर गाठ होती. ती काढावी लागणार होती, आणि आवाजाला जाणारी नस तिला चिकटलेली दिसत होती. बोलता येईल, असे सर्जनने सांगितले होते. गाता येईल की नाही याची हमी देता येत नाही, असेही. तारीख तीन आठवड्यांनंतरच्या बुधवारची होती. आत्याच्या आवाजात दोन महिन्यांपासून जो खरखरीतपणा आला होता, तो सर्दीचा नव्हता हे भाचीला तेव्हा कळले. खरे तर तिला आधीच ऐकू आले होते. विचारायचे तिने टाळले होते.

आत्याचा एक गट होता. हार्डवेअरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत सहा माणसे, म्हणजे आत्या, एक दाताचे डॉक्टर, एक पोस्टमनकाका, एक टेलरबाई आणि दोघी जुळ्या बहिणी, सव्वीस वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी जमत आणि कोणत्याही वाद्याशिवाय गात. गाणी आत्याची होती, एकूण अकरा. प्रत्येक गाण्यात सहा जणांच्या सहा वेगळ्या ओळी एकाच वेळी चालत, एकमेकींत शिरत आणि बाहेर पडत. त्यातले काहीही कुठेही लिहिलेले नव्हते. आत्याला स्वर लिहिता येत नव्हते असे नाही. पण लिहिले की गाणे बसते आणि मग उठायचे नाव घेत नाही, असे ती म्हणे. नवीन माणसाला ती ओळ गाऊन दाखवी, पुन्हा गाऊन दाखवी, आणि ती त्याच्या गळ्यात उतरेपर्यंत दाखवत राही. बुधवारनंतर दाखवणे संपणार होते.

"तुझ्याकडे ते रेकॉर्डिंगचं सामान आहे," आत्या म्हणाली. "मला सगळे एकत्र गाताना पाहिजेत, आणि प्रत्येकाचा आवाज सुटाही पाहिजे. उद्या माझ्या जागी कोणी आली तर तिला माझी ओळ एकटी ऐकता आली पाहिजे. आणि मला बंद करून बाकीच्यांबरोबर गाताही आलं पाहिजे."

"तुला बंद करून?"

"नळ बंद करतात तसं. त्यात डोळे भरून यायसारखं काय आहे? तुला जमेल की नाही ते सांग, कानसेन."

लहानपणापासून हे तिचे नाव होते. तिला स्वतःला एक सूर सरळ लावता येत नसे. दुसऱ्याचा चुकलेला मात्र ती पलीकडच्या खोलीतून ओळखी. जमेल, असे तिने सांगून टाकले. बाहेर दोन रुग्ण खोळंबले होते.

जमेल म्हणणे सोपे होते. तिच्याकडे होते ते सामान एका माणसापुरते होते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून घ्यायचे काम ती चार वर्षे घरच्या लहान खोलीत करत आली होती. त्यासाठी तिने एक इंटरफेस घेतला होता, म्हणजे माइकमधून येणारा आवाज आकड्यांत बदलून लॅपटॉपच्या स्वाधीन करणारी पेटी. ती तळहातात मावेल एवढी होती आणि तिला दोन वाटा होत्या. दोन माइक, दोन आवाज. सहांसाठी ती पुरणारी नव्हती.

एकेकाला वेगळे गाऊन घेता येईल का, हे तिने प्रथम पाहिले. पहिल्या रविवारी गटातले दाताचे डॉक्टर आले. कानात ठेका देऊन तिने त्यांना एकट्याला माइकसमोर उभे केले, आणि एरवी दुसऱ्यांना धीर देणारा तो गृहस्थ स्वतःच्याच खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा दिसू लागला. तिसऱ्या ओळीत त्यांची वाट चुकली. पुन्हा चुकली. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्या गटात मात्रा कोणी मोजत नसे. आत्या श्वास घेई तिथे गाणे सुरू होई; जुळ्या बहिणी पोस्टमनकाकांच्या खालच्या सुरावर पाय ठेवून वर चढत; डॉक्टर त्या दोघींच्या मधून जात. एकाला उचलून बाजूला ठेवले की त्याच्याजवळ फक्त एक लंगडी ओळ उरे. सहाही जण एकाच खोलीत, एकाच वेळी गायला हवेत आणि तरी सहा वाटांनी वेगळे यायला हवेत, एवढे त्या दिवशी नक्की झाले.

मग निवडीचा काळ सुरू झाला. वेगळा स्टुडिओ घेण्याचा विचार आत्याने ऐकूनच सोडून दिला. दर दोन गाण्यांनंतर तिला आडवे व्हावे लागत होते आणि काचेपलीकडच्या अनोळखी माणसांसमोर ती आडवी होणार नव्हती. उरले दोन मार्ग: आठ वाटांचा नवा इंटरफेस आणणे, किंवा आहे त्यालाच वाढवणे. तिने वहीचे पान मधोमध रेघ मारून विभागले. कोणत्या पेटीची खरखर किती, केबलची तोंडे कुठली, लॅपटॉपशी किती पटते. ती रोज जेवणाच्या सुट्टीत वापरणाऱ्यांचे अनुभव वाची आणि वाचून अधिकच घाबरे, कारण प्रत्येक पेटीच्या बाबतीत जगात कुठे तरी एक असा माणूस होता, की ऐन कार्यक्रमात त्याची पेटी मुकी झाली होती. झोपेतून उठल्यावर पहिला विचार आकड्यांचा येऊ लागला. सकाळच्या शांत वेळात ती आता पातेल्याकडे बघत उभी राही आणि दूध उतू जाई.

"लग्न ठरवताना माझी एवढी चौकशी केली होतीस?" नवऱ्याने वहीत डोकावून विचारले.

"तुझ्याबद्दल कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं."

तो हसला, पण त्याने वही बंद केली नाही; उलट 'खोलीचे मोजमाप' हा रकाना राहिला आहे हे दाखवून दिले आणि टेप आणायला गेला.

शेवटी ती दुकानात गेली. ध्वनीच्या सामानाचे ते दुकान एका अरुंद जिन्याखाली होते आणि मालकाला सगळे मास्तर म्हणत, कारण तो विकण्याआधी प्रश्न विचारी. एकदम किती जण गाणार, किती वेळ, कुठे, हे विचारून झाल्यावर त्याने चष्मा काढला आणि चौथा प्रश्न विचारला: दुसरी संधी आहे का?

नाही, असे तिने सांगितले. का नाही, तेही सांगितले.

"मग नवी पेटी शिकत बसायची ही वेळ नाही," मास्तर म्हणाला. "तुमची आहे तीच ठेवा. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी तिला शेजारीण आणून देतो."

शेजारीण म्हणजे आठ वाटांची एक लांबट पेटी होती. तिच्यात आठ माइक जायचे आणि तिथून ते आठही आवाज एकाच बारीक केबलमधून, प्रकाशाच्या रूपाने, जुन्या पेटीत उतरायचे. जुन्या पेटीच्या पाठीवर त्यासाठी एक चौकोनी छिद्र चार वर्षे झाकणाखाली पडून होते. तिने ते कधी उघडलेच नव्हते. दोन आणि आठ मिळून दहा वाटा. मास्तरने केबलचे टोक तळहातावर धरून लाल ठिपका दाखवला आणि मग एकच गोष्ट दोनदा सांगितली. दोन्ही पेट्यांच्या पोटात एकेक घड्याळ असते. सेकंदाचे हजारो तुकडे ते मोजत असते. दोन्ही घड्याळे आपापली चालू राहिली, तर केसाएवढा फरक पडतो आणि त्या फरकाच्या जागी आवाजात बारीक टिचकी येते. म्हणून एकीने दुसरीचे ऐकायचे. इथे जुनीने नवीचे ऐकायचे. तसे लॅपटॉपमध्ये सांगून ठेवायचे.

"म्हणजे सून आल्यावर सासूने किल्ल्या द्यायच्या," ती म्हणाली.

"तसंच. आणि दिल्यात की नाही हे अधूनमधून बघायचं."

त्याच संध्याकाळी तिने किल्ल्या देववल्या. सेटिंगच्या खिडकीत घड्याळासमोर 'इंटर्नल', म्हणजे जुनीचे स्वतःचे, होते तिथे 'ऑप्टिकल', म्हणजे केबलमधून येणारे नवीचे, केले आणि नवऱ्याला एकामागून एक आठही माइकसमोर देशांच्या राजधान्या म्हणायला लावल्या. आवाज स्वच्छ आला. पुढचे आठ दिवस ती रोज तपासत राहिली. तिने एक यादी केली: माइकचे स्टँड, केबलचे क्रमांक, पंखा बंद, फ्रिज बंद, दारावरची घंटा बंद, खिडक्यांना रजया, आत्यासाठी गादी, कोमट पाणी. एकतीस गोष्टी झाल्या. घड्याळाची गोष्ट त्या यादीत नव्हती. ती एकदाच करायची होती आणि करून झाली होती, म्हणून लिहिण्याची गरज तिला वाटली नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या शनिवारी दुपारी सगळे जमले. लहान खोलीत सहा माणसे मावणार नव्हती, म्हणून सकाळीच सामान बैठकीच्या खोलीत हलवले होते. केबली काढल्या, पेट्या बंद केल्या, पुन्हा जोडल्या, पुन्हा चालू केल्या. जुनी पेटी आधी चालू झाली आणि नवी नंतर. मधल्या दहा-बारा सेकंदांत जुनीला पलीकडे कोणी दिसले नाही, तेव्हा तिने किल्ल्या पुन्हा आपल्या कमरेला लावल्या. पडद्यावर याची एकच खूण होती, एका बंद खिडकीतला एक शब्द. ती खिडकी उघडण्याचे यादीत नव्हते.

सहा जण गोलात उभे राहिले, माइक प्रत्येकाच्या तोंडाशी आणि माइकची पाठ शेजाऱ्याकडे, म्हणजे शेजारचा आवाज त्यात अगदी पुसट उतरावा. आत्याचा माइक तिने जुन्या पेटीत लावला. नवी कितीही चांगली असली तरी आत्याचा आवाज जिवाभावाच्या पेटीतूनच जावा, असे तिला वाटले. त्या पेटीची दुसरी वाट आत्याच्या शेजारी उभ्या असलेल्या टेलरबाईंना मिळाली. डॉक्टर, पोस्टमनकाका आणि दोघी जुळ्या बहिणी नव्या पेटीत गेले.

आत्याने कुणालाही खूण केली नाही. ती नुसती श्वास घेऊन उभी राहिली आणि पाचही छात्या तिच्याबरोबर वर आल्या.

पाच गाणी निर्विघ्न झाली. सहाव्यात जुळ्या बहिणींनी एक लांब सूर धरला, आणि त्या सुराच्या मध्यावर भाचीला हेडफोनमध्ये टिक् असे काही ऐकू आले. नखाने काचेला स्पर्श करावा, एवढे. तिने मान वर केली. डॉक्टरांचा बूट? पोस्टमनकाकांची कवळी? ते आपल्या कवळीवर स्वतःच विनोद करत. पुन्हा एकदा ऐकू आले, की भास झाला? आत्याच्या मानेवरची शीर ताणलेली दिसत होती. चौथ्या गाण्यात तिचा वरचा सूर किंचित खाली उतरला होता आणि तिने डोळे मिटून तो सोडून दिला होता. आता थांबवले तर सहावे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागणार. आत्याजवळ किती उरले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. भाचीचा हात थांबवण्याच्या बटणावर होता. तिने तो दाबला नाही.

अकरावे गाणे संपले तेव्हा आत्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ती गादीवर बसून हसत होती, आणि त्या हसण्यालाही आवाज नव्हता. सर्जनच्या कागदावर रविवारपासून पूर्ण मौन लिहिलेले होते. तिने ते काही तास आधीच सुरू केले, एवढेच.

रविवारी सकाळी, पावणेसातच्या आधी, भाचीने प्रथम आत्याची एकटीची वाट ऐकली. ती निर्मळ होती. मग टेलरबाईंची, तीही. मग थोरल्या जुळीची, आणि पहिल्याच ओळीत टिक् आले. सव्वा सेकंदाने पुन्हा. पुन्हा. डॉक्टरांच्या ओळीत त्याच जागी, काकांच्या ओळीतही त्याच जागी. सहाही आवाज एकत्र वाजताना ही टिचकी त्यांत बुडून गेली होती. तिने सेटिंगची खिडकी उघडली. तिथे 'इंटर्नल' असा शब्द होता.

तिने यादी काढली आणि वरून खाली बोट फिरवले. पंखा, फ्रिज, घंटा, रजया. एकतीस गोष्टी. सहाव्या गाण्यात तिला ऐकू आले होते, यात आता शंका नव्हती. रोज वीस जणांना शंका असली तरी दाबा म्हणून बजावणाऱ्या बाईने शंका असताना दाबले नव्हते.

नवऱ्याने सगळे ऐकून घेतले. टिचक्या पुसणारे सॉफ्टवेअर असते ना, असे त्याने विचारले. होते. तिने ते चालवले. टिचक्यांबरोबर जुळ्या बहिणींच्या शब्दांच्या कडाही गेल्या आणि दोघी बोबड्या गाऊ लागल्या. हाताने एकेक टिचकी दुरुस्त करून पाहिली. एका ओळीला चाळीस मिनिटे लागली, आणि जोडलेल्या जागी काय असेल याचा तिने अंदाज केलेला होता. त्रेचाळीस मिनिटांच्या गाण्यांत अशा जागा दोन हजारांवर होत्या.

"कुणाला कळणार आहे?" नवरा हळूच म्हणाला. "मला तर तू सांगितल्यावरही नीट ऐकू येत नाहीये."

"आत्याला कळेल."

"मग तिला आत्ताच सांगू नकोस. बुधवार होऊन जाऊ दे."

तो वाईट सल्ला नव्हता. त्याच्यात काळजी होती. तिला आत्याच्या रागाची भीती नव्हतीच. आत्या रागावणार नाही, हेच भय होते. ती उठेल, कोमट पाणी पिईल आणि पुन्हा गाईन म्हणेल. सांगणे म्हणजे तिला गायला लावणे होते, आणि त्या गळ्याला आता एक दिवसही ताण चालणार नव्हता; सूज आली तर शस्त्रक्रिया पुढे जाणार आणि गाठ वाट बघणार नव्हती. न सांगणे म्हणजे आत्याने सगळे सुखरूप आहे असे समजून त्या टेबलावर झोपायचे, आणि उद्या येणाऱ्या नव्या माणसांनी भोके पडलेल्या ओळी ऐकून शिकायचे. आणि त्यांना त्या दुरुस्त करून दाखवायला कोणी नसणार. दुपारी बारापर्यंत ती घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. मग तिने चपला घातल्या.

आत्या खिडकीशी बसली होती. मांडीवर वही आणि पेन्सिल होती. भाचीने उभ्याउभ्याच सांगितले: घड्याळाचे, किल्ल्यांचे, बिघडलेल्या वाटांचे. सहाव्या गाण्यात ऐकू आले होते आणि थांबवले नाही, हेही सांगितले.

आत्याने लिहिले: चौथ्यात मी खाली उतरले. कुणी थांबवलं?

मग ओळ सोडून: कोण कोण गेले?

"डॉक्टर, काका आणि दोघी. टेलरबाईंचा चांगला आलाय."

आत्याने मान डोलावली आणि मोठ्या अक्षरात लिहिले: उद्या. चौघांना बोलाव. पेन्सिल थांबली, पुन्हा चालली. ते माझ्याशिवाय गाणार नाहीत.

हे खरे होते. आत्याने स्वतःच्या वाटेबद्दल विचारले नाही. गेली असणार असे धरून चालली होती, की गेलेली असावी अशी तिची इच्छा होती, हे भाचीला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. आत्याचे डोळे चमकत होते. एकदा आणखी गायला मिळणार, म्हणून. तुझी वाट शाबूत आहे, हे भाचीने सांगितले नाही. बरं, असे म्हणून ती घरी आली आणि चौघांना फोन केले. कोणी कारण विचारले नाही. फक्त धाकट्या जुळीने, थोरली चुकली होती ना, असे आशेने विचारून घेतले.

सोमवारी तिने दुपारनंतरची रजा घेतली. बैठकीच्या खोलीत प्रथम नवी पेटी चालू केली, मग जुनी, मग खिडकी उघडून तो शब्द वाचला. 'ऑप्टिकल'. तो तिने वहीत लिहून घेतला, आणि सामान हलवून पुन्हा वाचला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा. मग तिने स्टँड मांडायला घेतले. डॉक्टरांचा, काकांचा, जुळ्यांचे दोन. पाचवा स्टँड हातात धरून ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. आत्याची जागा तिला जमिनीवर दिसत होती. शनिवारी लावलेली चिकटपट्टीची खूण तिथे तशीच होती. तिने स्टँड दुमडला, माइक त्याच्या डबीत घालून कपाटात ठेवला आणि त्या खुणेवर एक खुर्ची आणून ठेवली.

मग तिने हेडफोन मोजले. चौघांना चार, आत्याला एक. आणि घरात एकूण पाचच होते. स्वतःचा हेडफोन तिने गळ्यातून काढला, त्याची तार खुर्चीपर्यंत नेली आणि तो खुर्चीच्या पाठीवर अडकवला.

चार वाजता माणसे आली. सर्वांत शेवटी आत्या आली, गळ्याला रुमाल गुंडाळून. तिने खोली पाहिली. चार स्टँड पाहिले, खुर्ची पाहिली, पुन्हा स्टँड मोजले. मग भाचीकडे वळून तिने ओठ उघडले.

"तुझा आवाज आहे माझ्याकडे," भाची म्हणाली. "शनिवारचा. त्याला काही झालेलं नाही. काल मी सांगितलं नाही, कारण तुला गायचं होतं. आज तो या चौघांच्या कानात गाईल. तू त्यांच्यासमोर बस आणि श्वास दे, हात दे. गायचं नाही."

आत्याचा हात वहीकडे गेला आणि मागे आला. तिची नजर कपाटाकडे गेली. भाची कपाटाच्या दारापुढे उभी होती. ती तिथून हलली नाही.

"सव्वीस वर्षांत बाई पहिल्यांदा गप्प बसणार," पोस्टमनकाका म्हणाले. "हे आधी रेकॉर्ड करा. पुरावा राहील."

आत्याने त्यांच्याकडे पाहिले. तिचे खांदे हलले. हसली की काय, ते सांगणे अवघड होते. मग तिने रुमाल नीट केला, खुर्चीत बसली आणि हेडफोन कानांवर चढवला. भाचीने तिचा आणि टेलरबाईंचा शनिवारचा आवाज चालू केला. आपलाच श्वास ऐकू येताच आत्या दचकली, त्याच्या मागोमाग तिची छाती वर आली, हात उचलला गेला आणि चौघांनी सूर घेतला.

भाचीच्या कानांवर काही नव्हते. खोलीत तिला फक्त चार आवाज ऐकू येत होते. गाणे ओळखीचे होते आणि त्यात मोठमोठ्या रिकाम्या जागा होत्या. जुळ्या वर चढत आणि कोणाची तरी वाट बघत थांबत, काका खाली एकटेच धरून राहत, आणि मग, जी तिला ऐकू येत नव्हती अशी एक ओळ संपल्यावर, सगळे पुन्हा एकत्र सुरू होत. त्या जागांत आत्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि हात हवेत चालत होता. टिचकी आली तरी आज भाचीला कळणार नव्हते. ती पडद्यावरचे चार हिरवे दिवे बघत राहिली.

गाणे संपले. आत्याने डॉक्टरांकडे बोट करून मान हलवली आणि बोट गोल फिरवले: पुन्हा. भाचीने आवाज मागे नेला, खिडकीतला शब्द एकदा वाचला आणि बटण दाबले.